कॉलरवाल्या काकूंचा आठवा मणका

कॉलरवाल्या काकू माणसं ओळखायच्या ती पायांवरून. दुसरा इलाजच नव्हता. पालथं झोपायचं, टेबलाला तोंडापुरतं भोक असायचं त्यात तोंड घालायचं, आणि मग दिसणार काय, तर हातभर फरशी आणि त्या फरशीवर येऊन उभे राहणारे पाय. चपला-बूट बाहेर काढायचा नियम होता, त्यामुळे काहीच लपायचं नाही. कुणाची नखं वाढलेली, कुणाची टाच भेगाळलेली, कुणी एका पायावर भार देऊन बगळ्यासारखा उभा. तोंडावरून माणूस काहीही भासवेल, पायांना ती कला येत नाही.

काकू काही आजारी नव्हत्या. त्या तिथे पाठ द्यायला जायच्या. चष्म्याच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे अंग रगडायचं शिक्षण देणारी शाळा चालायची. सहा टेबलं, प्रत्येकाभोवती पडदा, कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी, आणि खिडकीपाशी आकड्याला टांगलेला हाडांचा सांगाडा. त्याची एक करंगळी कधीच हरवली होती. पोरं त्याला जावईबापू म्हणायची, कारण तो इकडची काडी तिकडे करत नसे आणि तरी सगळे त्याला जपत असत. पण जावईबापूंच्या अंगावर मांस नाही, आणि हात बसायचा तर मांसावर बसला पाहिजे. म्हणून शाळेला खरी माणसं लागायची.

काकूंनी एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवल्या. बाह्या नाहीत, खिसे नाहीत, काजं नाहीत, फक्त कॉलरी. दिवसभर मान खाली घालून. अख्खा शर्ट शिवायला सांगितला असता तर त्यांची भंबेरी उडाली असती, पण रस्त्यातून जाताना कुणाची कॉलर एका बाजूला सूतभर जास्त आहे, हे त्यांना मागून दिसायचं. काम सुटलं आणि मान धरली. कुणी म्हणालं, त्या शाळेत जा, पोरं शिकता शिकता चोळून देतात. काकू गेल्या त्या मानेसाठी. टिकल्या मात्र दुसऱ्याच कारणासाठी.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा दूर, रविवारी फोनवर तोंड दाखवायचा आणि "बरी आहेस ना?" असं विचारायचा, "बरी नाही" म्हणायला वावच उरू नये अशा बेतानं. घरात दोन खोल्या, एक खुर्ची वापरातली आणि एक तशीच. दवाखान्यातली नर्स दंडाला पट्टा बांधायची, तेवढाच काय तो माणसाचा हात अंगाला लागायचा. आणि मग एका मंगळवारी शाळेतल्या कुठल्याशा पोरानं घाबरत घाबरत त्यांच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले, तेव्हा काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भोकातून थेट फरशीवर पडलं. पोराला वाटलं दुखलं. काकू म्हणाल्या, "सर्दी झालीय रे, तू कर तुझं." तेव्हापासून एकही मंगळवार चुकला नाही.

शाळा चालवणाऱ्या बाई आधी हाडांच्या इस्पितळात होत्या. आवाज कोरडा, नजर त्याहून कोरडी. त्यांचे नियम काकूंना पोरांच्या आधी पाठ झाले. हात ठेवण्याआधी विचारायचं. जेवढ्या भागावर काम तेवढाच उघडायचा, बाकी चादरीखाली. माणूस थांब म्हणाला की बोट तिथल्या तिथे उचलायचं, का म्हणून विचारायचं नाही. टेबलावरच्या माणसाकडून काही घ्यायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही. टेबलावरचं बोलणं टेबलावरच ठेवायचं. आणि शेवटचा नियम असा, की हाडं शोधताना निळ्या पेन्सिलीनं पाठीवर ज्या खुणा करायच्या, त्या माणूस उठायच्या आत कोमट फडक्यानं पुसून टाकायच्या. "आलेलं माणूस आलं तसं परत गेलं पाहिजे," बाई म्हणायच्या.

पहिल्याच वर्षी एक गंमत झाली. तीन पोरांनी काकूंच्या पाठीचे मणके मोजले, आणि तिघं एकसारखीच चुकली. बाई स्वतः आल्या, काकूंना स्टुलावर बसवलं, मानेखाली तीन बोटं ठेवली, मान हळू मागे न्यायला सांगितली आणि नाकातून हसल्या. 

"काकू, तुमच्या पाठीत एक लबाडी आहे."

"आता या वयात?"

"जन्मापासूनची आहे. हे बघा, मानेचे मणके सात. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जो टेंगळासारखा वर येतो, तो बहुतेकांचा सातवा. तिथून मोजत खाली यायचं, छातीचे बारा, कंबरेचे पाच. तुमचा मात्र सातवा बसलाय अंग चोरून आणि त्याच्या खालचा आलाय मिरवायला. डोळ्यांवर विसंबून मोजायला लागलं की कंबरेपर्यंत सगळं एका घरानं चुकतं."

"मग खरा सातवा कळायचा कसा?"

"मान मागे न्यायची. सहावा बोटाखालून आत सटकतो. सातवा जागचा हलत नाही. सटकला त्याच्या खालचा तो सातवा. वर्गात शिकवते मी हे. पण टेंगूळ समोर दिसत असताना कोण कष्ट घेतो?" बाईंनी चादर नीट केली. "परीक्षेला यापुढे तुमचीच पाठ ठेवणार. पण हे कुणाला सांगायचं नाही हं. तुमची पाठ म्हणजे आमचा पेपर आहे."

काकूंना त्या दिवशी घरी जाताना उगाचच ताठ चालावंसं वाटलं. एकतीस वर्षं कॉलर आपल्या मानेवर का बसत नव्हती, तेही कळलं.

मग मोजेवाली आली. बाकीची पोरं अनवाणी, हिला थंडी सोसत नसे, म्हणून राखाडी मोजे. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक, आणि त्यातून अंगठा असा डोकावायचा की काकूंना वाटायचं तो आपल्यालाच बघतोय. काकूंचे हात शिवशिवायचे. 

"दे इकडे, दोन टाके घालते," त्या टेबलाच्या भोकातून म्हणाल्या होत्या.

"नको काकू. टेबलावरच्या माणसाकडून काही घ्यायचं नाही."

"टाके म्हणजे काय दागिने आहेत का गं?"

"आज टाके, उद्या स्वेटर. मग तुम्ही थांब म्हणालात तर मला राग येईल. मग?"

पोरगी लहान होती, पण नियमाच्या आत काय आहे ते तिला दिसायचं.

तिचे हात गार असायचे. ती ते आधी गरम पाण्याच्या टाकीला लावून यायची, मग विचारायची, "ठेवू का हात?" आणि हात ठेवला की बोलत राहायची, काकूंशी कमी आणि हाडांशी जास्त. "हे खांद्याचं पातं. हे पात्याचं खालचं टोक. पात्याला मणक्यांकडे ओढून धरतो तो हा स्नायू, काकू, तुमचा अगदी दोरखंड झालाय. आणि हा वरचा मोठा, डोक्यापासून खांद्यापर्यंत आणि खाली अर्ध्या पाठीपर्यंत, पतंगासारखा." काकूंना आपल्या पाठीवर पतंग आहे हे साठाव्या वर्षी कळलं. तिचा हात कधी घाईत नसे. एखादी गाठ सापडली की ती दाबायची नाही, वाट बघायची, दारापाशी उभं राहून आतल्यानं कडी काढायची वाट बघावी तशी. आणि गाठ सुटायची.

ही पोरगी परीक्षेत नापास झाली.

स्नायू सगळे बरोबर, नियम बरोबर, मणके मात्र वरपासून खालपर्यंत एका घरानं चुकले. बाईंच्या शाळेत मणके चुकले की बाकीचं सगळं धुवून जायचं. पुन्हा सहा महिने. मोजेवाली पुढच्या मंगळवारी आली, डोळे सुजलेले, हात टाकीला लावून गरम केलेले. "ठेवू का हात?" आणि काकूंना, कबूल करायला नको पण खरं ते खरं, आनंद झाला. पोरगी अजून सहा महिने येणार होती.

दुसऱ्यांदाही तेच झालं. काकू स्टुलावर बसल्या होत्या, तिची बोटं टेंगळावर टेकली, क्षणभर थांबली, आणि तिथूनच खाली मोजायला लागली. बाकीची पोरं आळसानं मान हलवून बघत नसत. ही का बघत नाही, ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. एकदा सरावात ती स्वतःच म्हणाली होती, "तुमची मान दुखते, उगाच कशाला मागे न्या नि पुढे न्या." काकूंच्या मानेची दया करून पोरगी नापास होत होती. आणि काकू मूग गिळून बसल्या होत्या. बाईंनी सांगू नका म्हटलं होतं ना? नियमच होता तो. असा नियम, की पाळला तर आपल्याला हवं तेच मिळतं. काकू मनाशी म्हणायच्या, मी काय वाईट करतेय? गप्प तर बसलेय. 

पण घरी गेल्यावर दुसऱ्या खुर्चीकडे बघवत नसे.

तिसऱ्या परीक्षेआधीचा मंगळवार. परीक्षा शुक्रवारी. काकू स्टुलावर, पाठीमागे मोजेवाली, समोर खिडकीपाशी जावईबापू.

"ठेवू का हात?"

"ठेव गं. तू दार उघडायच्या आधी दारालाही विचारत असशील."

"दाराची मान दुखत नाही ना पण." निळी पेन्सिल पाठीवर फिरायला लागली. चुकीच्या जागेपासून, नेहमीसारखी. "काकू, या वेळी पास झाले ना, तर एक तारखेपासून कामाला. हाडं मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालतं करतात, तिथं. दिवसभराचा प्रवास आहे इथून. महिनाभर जागा धरून ठेवतो म्हणालेत, त्यापुढे नाही."

"आणि नाही झालीस तर?"

"तर काय, पुन्हा सहा महिने तुमचीच पाठ." ती हसली. "कंटाळाल मला."

काकूंना आधी झाला तो आनंदच, दुसरं काही नाही. आणि त्या आनंदाचं तोंड इतकं स्पष्ट दिसलं की काकूंना स्वतःचीच लाज वाटली. समोर जावईबापू दात काढून बघत होते.

"मान मागे न्यायला सांग मला," काकू म्हणाल्या.

"दुखेल ना."

"दुखू दे. तीन बोटं ठेव आणि सांग."

पोरीनं बोटं ठेवली. काकूंनी मान हळूहळू मागे नेली. बोटं हलली, थांबली, पुन्हा वर चढली. मान पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

"हा हलत नाही. याच्या वरचाही हलत नाही. त्याच्या वरचा सटकला." ती मोजत होती. "म्हणजे हा टेंगळाचा सातवा नाहीच. आठवा आहे. छातीचा पहिला."

"हो."

"म्हणजे दोन्ही वेळा..."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

काकू जावईबापूंकडे बघत म्हणाल्या, "हो."

हात पाठीवरून उचलला गेला. तो कुठे गेला ते काकूंना दिसलं नाही. मग चादर खांद्यांवरून नीट ओढून घेतली गेली, कडा सारख्या करून, शिकवलं होतं तशीच. 

"झालं काकू. सावकाश उठा," एवढं बोलून मोजे निघून गेले.

घरी कपडे बदलताना काकूंना कपाटाच्या आरशात दिसलं, की पाठीवर निळ्या खुणा तशाच आहेत. इतकी नेमाची पोरगी, पुसायला विसरली होती. मानेपासून कंबरेपर्यंत, एका ओळीत, एका घरानं चुकलेल्या. काकूंचा हात मानेखाली पोचत नव्हता. नुसतं पाणी ओतून ती पेन्सिल जात नसे, फडक्यानं घासावी लागायची. पुसून द्यायला कुणी असतं तर गोष्ट वेगळी. तीन दिवस काकू त्या खुणा अंगावर घेऊन हिंडल्या, दूध आणलं, जिन्यातला दिवा लावला, शेजारणीशी पाण्याच्या वेळेबद्दल बोलल्या, आणि कपड्यांच्या आत काय लिहिलंय ते कुणाला कळलं नाही.

शुक्रवारी त्या वेळेवर गेल्या आणि पडद्याआड जाऊन चादर गुंडाळून बसल्या. पडद्याच्या पलीकडे मोजेवालीचा आवाज आला.

"बाई, मला दुसऱ्या पाठीवर परीक्षा द्यायची आहे."

"का?"

"सांगता येणार नाही."

"पाठ निवडून मागायला हे काय भाजीचं दुकान आहे? कारण सांग."

"टेबलावरचं बोलणं आहे, बाई."

बाई कोरडेपणानं म्हणाल्या, "कारणाशिवाय पाठ बदलता येणार नाही. याच पाठीवर दे, नाहीतर पुढच्या वेळी ये."

"मग पुढच्या वेळी येईन."

म्हणजे पुन्हा सहा महिने. जागा जाणार, पोरगी राहणार, मंगळवार राहणार. काकूंनी नुसतं बसून राहायचं होतं. सवयही होती. मग त्या उठल्या, चादर मुठीत घट्ट धरली आणि पडदा बाजूला केला.

"बाई, पेपर मी फोडला. मंगळवारी."

बाईंनी चष्मा काढला. "मी सांगू नका म्हटलं होतं."

"तुमचं ऐकून गप्प बसले असते तर एक वेळ ठीक होतं. मी माझ्यासाठी गप्प बसले वर्षभर. ही नापास झाली की परत यायची." आवाज फाटला तसा त्यांनी चादरीचं टोक उगाच नीट केलं. "मंगळवारचं सोडून द्या. रागवायचंच असेल तर त्या वर्षावर रागवा."

मोजेवाली फरशीकडे बघत होती. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"तुमची पाठ आता परीक्षेला चालणार नाही, काकू. फुटलेला पेपर कितीदा वापरणार?" मग पोरीकडे वळून, "तू मला येऊन सांगायचं होतंस."

"टेबलावरचं टेबलावर. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं," बाई म्हणाल्या. खूश झाल्या की चिडल्या, ते त्यांच्या आवाजावरून कधी कुणाला कळलं नव्हतं. "जा, घड्याळवाल्यांकडे."

घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा तिसऱ्या पडद्याआड असायचे. ते टेबलावर पडल्या पडल्या घोरायला लागत. काकू आपल्या जागी येऊन बसल्या आणि ऐकत राहिल्या.

"आजोबा. आजोबा, जरा उठून बसता का? हात ठेवू का मानेवर?"

"आँ? किती वाजले?"

"घ्या," बाईंचा आवाज, "घड्याळवाला मला वेळ विचारतोय."

"आजोबा, मान हळू मागे नेऊ या का? दुखलं तर सांगा, मी थांबेन."

मग मोजणं सुरू झालं. सहावा सटकला. सातवा हा. इथून छातीचे. काकू ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर मोजत होत्या. बारा. मग कंबरेचे पाच. कुठंच अडखळली नाही. शेवटी पेनाचा आवाज आला, कागद फाडल्याचा आला, आणि बाई म्हणाल्या, "ठीक." बाईंच्या तोंडी हा शब्द म्हणजे बँडबाजाच.

काकू कपडे करायला उठल्या. तेवढ्यात पडद्याशी राखाडी मोजे येऊन थांबले.

"आत येऊ का?"

"ये ना."

"त्या दिवशी खुणा पुसायच्या राहिल्या माझ्या. पुसू का?"

काकू पालथ्या झोपल्या, तोंड भोकात. फडकं कोमट होतं. ती वरून सुरुवात करून एकेक खूण पुसत खाली येत होती, घाई न करता. खाली फरशीवर मोजे. उजव्या अंगठ्याचं भोक शिवलेलं होतं, तिनंच शिवलं असणार, कारण टाके असे वेडेवाकडे होते की काकूंना ते उसवून पुन्हा घालावेसे वाटले.

"आधी का नाही सांगितलंत?" 

"मघाशी सांगितलं ना. तू परत यायचीस म्हणून."

फडकं थांबलं. काकूंनी डोळे मिटले. 

"पुसू पुढे?"

"पूस."

कंबरेपर्यंत पोचल्यावर तिनं कोरड्या फडक्यानं पाठ टिपली आणि चादर वर घेतली. काकू उठून बसल्या. पोरगी समोर उभी होती, आणि काकूंच्या लक्षात आलं की हिचं तोंड आपण फारसं पाहिलेलंच नाही. हनुवटीवर एक लहान तीळ होता. 

काकूंनी तिथल्या रीतीनं विचारलं, "तुझा हात धरू का जरा?"

मोजेवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. विचार करून. 

"नको, काकू," ती म्हणाली.

"बरं," काकू म्हणाल्या. का म्हणून विचारलं नाही. तोही नियम त्यांना पाठ होता.

"सावकाश उठा," पोरगी म्हणाली. पडदा हलला, मोजे गेले, बाहेर चपला घातल्याचा आवाज आला, जिना आला, मग रस्ता.

बाहेर पडताना बाई कागदांत डोकं घालून म्हणाल्या, "परीक्षेला नाही. पण सरावाला मंगळवारी लागणार आहात. नवीन पोरं येतायत, हात लावायच्या आधी विचारत नाहीत ती. कुणीतरी थांब म्हणायला हवं."

"बघते," काकू म्हणाल्या. जाणार होत्या हे दोघींनाही माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी चहा ठेवला. रविवार अजून दोन दिवस लांब होता. पाणी तापेपर्यंत त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या. पाठ मोकळी मोकळी लागत होती, फळा पुसल्यासारखी. आरशात बघायचं काही उरलं नव्हतं. हाताचा अंदाज घेतला. कंबरेपर्यंत तो पोचणार नव्हता, पात्यांपर्यंतही नाही. पण मानेच्या मागे पोचत होता.

"ठेवू का हात?" काकूंनी स्वतःलाच मोठ्यानं विचारलं, आणि रिकाम्या घरात स्वतःचंच हसू ऐकून जरा दचकल्या.

"ठेव," म्हणाल्या.

तीन बोटं ठेवली. मान हळू मागे नेली. दुखलं. एक बोटाखालून आत सटकला. त्याखालचा जागचा हलला नाही. आणि त्याच्याही खाली तो होता, पुढे आलेला, मिरवणारा, एकतीस वर्षं कॉलरीला न जुमानलेला. काकूंनी बोट तिथेच ठेवलं, चहा उतू जायला लागला तोवर.